दुपारी झोप लागेल असं घर

जरा अलगद टेका हो डोकं. कापूस जुना आहे, आणि मी बोलायला लागले की माणसं दचकून उठून बसतात. मी उशी बोलतेय. अंथरुणातली, साधी, पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीतली. सोफ्यावर मिरवणाऱ्या त्या भरतकामवाल्या उशांशी माझं लांबचंही नातं नाही. त्या बसणाऱ्यांच्या, मी झोपणाऱ्यांची. बसलेली माणसं भरपूर बोलतात आणि त्यातलं निम्मं तोंडदेखलं असतं. आडवी झालेली माणसं फारसं बोलत नाहीत, पण त्यांचं सगळं मला कळतं.

कसं कळतं म्हणाल, तर वजनावरून. खरोखर झोपलेल्या माणसाचं डोकं जड असतं. तो ते माझ्यावर सोडून देतो आणि स्वतः कुठेतरी निघून जातो. झोपेचं सोंग घेतलेल्याचं डोकं हलकं असतं, कारण त्याची मान ते धरून असते. शिवाय एक कान माझ्यावर असतो, त्यातली धडधड मला ऐकू येते. पापणी मिटली की उघडी, हे खोळीवर घासणाऱ्या तिच्या केसांवरून समजतं. डॉक्टर फसेल, नवरा तर हमखास फसेल, उशी फसत नाही.

माझा जन्म शेवरीच्या झाडावरचा. उन्हात बोंड तडकलं आणि मी पांढऱ्या धुक्यासारखी बाहेर आले. मग कोणीतरी गोळा केलं, पिंजणाऱ्याने धनुकलीवर टणत्कार करत मला मोकळं केलं, आणि एका आईने मला पट्ट्यांच्या कापडात भरून शिवलं. तिच्या लेकीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीची नोकरी लागली होती. "रात्रभर जागणार पोर," ती आई टाके घालता घालता म्हणाली, "दुपारची झोप तरी चांगली हवी." माझ्या नशिबी काय लिहिलं आहे ते त्या एका वाक्यात आलं. मी दुपारची उशी झाले.

ती पोर म्हणजे माझी मालकीण. गल्लीत तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. एक्स्चेंजमध्ये तिच्यासमोर मोठा बोर्ड असे, त्यावर इवल्या दिव्यांची रांग, आणि हातात प्लग लावलेल्या दोऱ्या. दिवा लागला की ती प्लग खोचायची, "बोला" म्हणायची, आणि या गावचा आवाज त्या गावच्या आवाजाला जोडून द्यायची. कोणाकडे बाळ झालेलं असे, कोणाकडे माणूस गेलेलं. एक म्हातारा नुसता वेळ विचारायला फोन करायचा. बोलणं ऐकायचं नाही, असा तिथला नियम होता. पण कान म्हणजे काय नळ आहे, पिळला की बंद?

सकाळी ती घरी यायची, जेवून आडवी व्हायची, आणि ते रात्रीचे सगळे आवाज तिच्या कानातून माझ्यात उतरायचे. माझ्या कापसात किती गावं आहेत म्हणून सांगू! स्वप्नं अशीच येतात उशीत, थोडी थोडी झिरपत. म्हणून तर उशा उन्हात घालतात. लोकांना वाटतं दमटपणा जातो. जातोही, पण त्याबरोबर जुनी स्वप्नंही उडून जातात, आणि मग चार दिवस आम्ही अगदी कोऱ्या असतो.

तिचे यजमान शाळेत मास्तर होते. माणूस देवासारखा, पण ओठांवर बोट ठेवायची सवय शाळेतून घरी घेऊन आलेला. बायको रात्रभर राबते, तिला दुपारी टाचणीचाही आवाज येता कामा नये, असा त्यांनी घरात नियमच केला. आणि तो नियम कोणी पाळला असेल, तर त्यांच्या एकुलत्या एका मुलाने. "हळू!" हा शब्द त्याने आपल्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकला. शेवटी गल्लीतली पोरं त्याला हळूराव म्हणायला लागली.

काय सांगू त्याच्या हळूपणाचं कौतुक! पायाच्या कडेवर चालायचा. दाराची कडी दोन्ही हातांनी धरून अशी लावायचा, की कडीलाही कळू नये. गोट्या खेळायचा त्या गोधडीवर. बिस्किट खायचा तेही दुधात भिजवून, कारण कोरडं चावलं तर कुडुम वाजेल. मोठेपणी तो ग्रंथालयात नोकरीला लागला. दुसरीकडे कुठे जाणार होता बापडा?

पण खरी गंमत पुढेच आहे, आणि ती फक्त मला माहीत होती. ऑपरेटरबाईंना शांततेत झोप येतच नसे.

बोर्डावर बसणाऱ्या बाईला शांतता म्हणजे काय? लाइन तुटली. कुठेतरी कोणीतरी "हॅलो, हॅलो" करत बसलं आहे आणि पलीकडून काही येत नाही. त्यामुळे घर चिडीचूप झालं की तिचा कान माझ्यावरून अर्धा इंच वर उचलला जायचा. पोरगं कुठे गेलं? दार उघडं तर नाही? पडलं तर नाही कुठे? आणि ते पोरगं दोन हातांवर बसलेलं असायचं, श्वास रोखून, आईला झोप लागावी म्हणून. खालच्या मजल्यावर कोणी खिळे ठोकले, शेजारणीने बादलीत नळ सोडला, दोन बायकांचं जिन्यात कडाक्याचं वाजलं, की मात्र माझ्या बाईचं डोकं लगेच जड व्हायचं. सगळं चालू आहे, सगळे जोडलेले आहेत, असं वाटून ती डोळे मिटायची.

तिने हे घरात कधी सांगितलं नाही. एकदा पाणी प्यायला उठली, तर स्वयंपाकघराच्या दारातून तिला दिसलं की पोरगं बिस्किट भिजवतंय आणि ते पेल्यात पडू नये म्हणून जीभ बाहेर काढून जपतंय. ती तशीच परत आली आणि माझ्यावर तोंड दाबून रडली. एवढं माझ्यासाठी करतंय लेकरू, त्याला कसं सांगू की याचा उपयोग नाही? त्या दिवसापासून ती झोपेचं सोंग घ्यायला शिकली. संध्याकाळी उठून म्हणायची, "काय छान झोप लागली रे आज!" मग त्याचा चेहरा असा काही उजळायचा, की तिला रात्रपाळी जड जात नसे. झोपेचे मात्र असे तुकडे तुकडेच वाट्याला आले तिच्या.

वर्षं अशीच गेली. एक्स्चेंजमधले बोर्ड गेले, दोऱ्या गेल्या. बाई निवृत्त झाल्या. मास्तरही गेले. हळूरावांचं लग्न होऊन चांगली बोलकी सून घरात आली होती, पण तीही बँकेत नोकरी करणारी. सकाळी दोघं बाहेर पडले की तिसऱ्या मजल्यावरचं ते घर संध्याकाळपर्यंत मुकं. फ्रिज तेवढा मधूनच गुरगुरायचा. मी आणि बाई छताकडे बघत पडून राहायचो.

एका दुपारी बाई न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. सूनबाई आल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टर येऊन गेले, गरम पाण्याच्या पिशव्या झाल्या, आणि चार दिवसांनी बाईंनी दोघांना समोर बसवलं.

"मी सोबतीच्या घरी राहायला जाते," त्या म्हणाल्या.

सोबतीचं घर हा त्यांचाच शब्द. जिथे आपली स्वतःची खोली असते, जेवण वेळेवर येतं, गोळ्यांकडे कोणी लक्ष देतं, आणि पलंगाजवळची दोरी ओढली की माणूस धावत येतं, असं घर. हळूरावांचा चेहरा पडला.

"आई, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाई शहाणी आहे. नाही म्हणाले, तर त्यांना सांग, रोज दुपारी येऊन बसत जा माझ्याजवळ." मग त्यांचा आवाज खाली आला. "अरे, पडल्याचं मला काही वाटलं नाही. मी हाका मारत होते आणि कोणाला ऐकू जात नव्हत्या, त्याची भीती वाटली. मला तुमची नोकरी सोडायला लावायची नाही आणि त्या फरशीवर परत पडून राहायचंही नाही."

सूनबाईंनी विचारलं, "आई, घर निवडायचं कसं? सगळीच चांगली म्हणतात स्वतःला."

"घर पाहावं बांधून म्हणतात ना? मी म्हणते, घर पाहावं झोपून. जिथे मला दुपारी झोप लागेल, तिथे मी राहीन."

अशी मी, या वयात, घरं बघायला निघाले. कापडी पिशवीत घालून मला गाडीच्या मागच्या सीटवर ठेवायचे. तिघांची कामं वाटलेली होती. सूनबाई थेट न्हाणीघरात शिरायच्या आणि भिंतीवरच्या आधाराच्या दांड्याला अक्षरशः लोंबकळायच्या. "माझं वजन पेललं तर आईंचं पेलेलच," म्हणायच्या. बाई साहेबलोकांना काही विचारत नसत. मजल्यावर काम करणाऱ्या मुलींना गाठून विचारायच्या, "दोरी ओढल्यावर कोण येतं? तू येतेस? आणि तू जेवायला गेलीस तर?" हळूराव काही विचारत नसत. ते नुसते उभे राहून कानोसा घ्यायचे.

पहिलं घर हॉटेलसारखं चकचकीत होतं. स्वागताला बसलेल्या साहेबांनी आधी सांगून टाकलं की इथे वृद्ध कोणी नाही, सगळे सदस्य आहेत. नमुन्याची खोली दाखवली. तिथल्या पलंगावर सहा उशा होत्या! एकीच्या पुढे एक, मधोमध हाताची धार मारून प्रत्येकीला खळी पाडलेली. मी पिशवीतून डोकावून एकीला विचारलं, "काय गं, कोणाकोणाची डोकी पाहिलीस?" ती म्हणाली, "डोकी? आम्ही फोटोसाठी असतो." कीव आली मला.

बाईंनी मला पिशवीतून काढलं तशी साहेबांची धांदल उडाली. "आजी, हा पलंग नमुन्याचा आहे. झोपायचा नाही."

"मग नमुना कशाचा आहे, उभं राहायचा?" सूनबाई म्हणाल्या. त्यांनी आधीच पाहिलेला न्हाणीघरातला दांडाही हलत होता. आम्ही पायऱ्या उतरून परत आलो.

दुसरं घर डोंगरावर होतं. खरं सांगते, नावं ठेवायला जागा नव्हती. दारं रुंद, उंबरे नाहीत, दांडे भक्कम. दोरी पलंगाजवळ एक आणि न्हाणीघरात एक, तीही पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली. रोज नर्स, आठवड्याला डॉक्टर. खिडकीतून तळं दिसायचं. आणि शांतता अशी, की काय सांगावं! खुर्च्यांच्या पायांना बनातीचे मोजे. जेवणाच्या गाड्यांना रबरी चाकं. काम करणाऱ्या मुली मऊ तळव्यांचे बूट घालून अशा जायच्या, की त्या गेल्या हे त्या गेल्यावर कळावं.

हळूराव दारातच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर मी असं समाधान कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ज्या घरासाठी तो मुलगा पायाच्या कडेवर चालला, ते घर त्याला आयतं सापडलं होतं.

"आई," तो कुजबुजला, "इथे तुला कोणी म्हणजे कोणी उठवणार नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि पुढे काय होणार ते मला तेव्हाच कळलं.

त्यांना खोली उघडून दिली. पडदे ओढले. बाई आडव्या झाल्या, डोकं माझ्यावर ठेवलं, आणि ते डोकं पिसासारखं हलकं होतं. मान ताठ. कान उचललेला. बाहेर काही नाही. पाऊल नाही, भांडं नाही, खोकला नाही. मी स्वप्नाची वाट पाहिली, कारण मला वाटलं, निदान माझ्यातलं एखादं जुनं तिला देता येईल. पण ते काही वर आलं नाही. तळ्यावरचा पांढरा उजेड पडद्यातून आत येत होता आणि तो उजेडही दबकत चालत होता. बाईंच्या पापण्या माझ्यावर घासत राहिल्या, घासत राहिल्या.

बऱ्याच वेळाने दार अलगद उघडलं. बाईंनी डोळे चोळले, आळस दिला.

"काय छान झोप लागली रे!"

हळूरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच दिवशी खोली नक्की केली. पुढच्या महिन्यात राहायला यायचं ठरलं.

परत येताना ते पेट्रोल भरायला उतरले तेव्हा सूनबाई मागे वळल्या. "आई, खरं सांगा. डोळे लाल आहेत तुमचे."

"त्याचं तोंड पाहिलंस ना?" बाई म्हणाल्या. "त्याला किती बरं वाटलंय बघ. मला घालवून दिल्याचं शल्य घेऊन जगण्यापेक्षा हे बरं. काढीन मी तिथे दिवस. तू काही बोलू नकोस."

सूनबाई तोंड मिटून पुढे बघत बसल्या. एवढी बोलकी बाई, पण त्या दिवशी घर येईपर्यंत तिने एक शब्द काढला नाही. आणि मी? घरातल्यांना माझा आवाज कधीच ऐकू आला नाही. माझ्या बाईने उरलेलं सगळं आयुष्य छताकडे बघत काढायचं ठरवलं होतं आणि ते फक्त मला आणि सुनेला माहीत होतं. खूप राग आला मला तिचा. खूप मायाही आली.

डोंगर लांब, म्हणून जाण्याआधी बाईंनी मैत्रिणीला भेटायचं काढलं. एक्स्चेंजमध्ये बायका एकमेकींना बोर्डावरच्या जागेवरून हाक मारत. ही सातव्या खुर्चीवर बसायची, म्हणून सातवी. ती एका जुन्या सोबतीच्या घरात राहत होती, भाजीबाजाराच्या मागे, बेकरीला लागून. गाडीत पाठीशी ठेवायला म्हणून मीही होते.

काय ते घर! रंगाचे पोपडे निघालेले, लिफ्ट आजारी माणसासारखी कण्हत वर जाणारी. दारातच दोन म्हातारे पत्त्यांवरून हमरीतुमरीवर आले होते. "तू पान लपवलंस!" "चष्मा पूस आधी!" स्वयंपाकघरात ताटं आदळत होती. कोणीतरी टीव्ही मोठा केला होता आणि दुसरं कोणी त्याहून मोठ्याने तो कमी करायला सांगत होतं. एक मुलगी जिन्यातून ओरडत होती, "कोणाची गोळी राहिलीय? मला सगळं दिसतं हं!" खाली बेकरीवाला लोखंडी पत्रे ओढत होता. हळूराव गाडी लावून यायचे होते. सूनबाई सवयीने न्हाणीघराकडे गेल्या.

सातवीची खोली लहान होती. बाई पलंगावर टेकल्या. "पाच मिनिटं पाठ टेकते गं," म्हणाल्या आणि मला डोक्याखाली ओढलं. सातवी त्यांना सांगत होती की शेजारची बाई साबण चोरते, पण पुरावा मिळत नाही.

आणि बाईंचं डोकं जड झालं.

किती दिवसांनी! आधी मान सुटली, मग जबडा, मग कान असा खोल माझ्यात रुतला की मला त्यांचं काळीजच ऐकू यायला लागलं. आणि स्वप्न आलं. बोर्ड आला, रात्रीच्या आभाळाएवढा, त्यावर दिवेच दिवे. पत्त्यांचं भांडण एका दोरीवर, ताटं दुसऱ्या दोरीवर. बाई तरुण होत्या आणि दोन्ही हातांनी जोडत होत्या, याला त्याच्याशी, त्याला हिच्याशी. मास्तर एका लाइनवर होते. ते काही बोलत नव्हते, पण फळ्यावर खडू चाललेला ऐकू येत होता. खाली कोपऱ्यात एक अगदी लहान दिवा लागला. बाईंनी प्लग खोचला. पलीकडे कोणीतरी श्वास रोखून बसलं होतं. "बोला," बाई म्हणाल्या. "बोल ना रे, लाइन चालू आहे." पण पलीकडचं लेकरू बोलेना.

तेवढ्यात खऱ्याखुऱ्या दारात हळूराव आले. आई झोपलेली दिसली. झालं! जन्माची सवय. ओठांवर बोट ठेवून ते मागे फिरले. आधी सातवीला गप्प केलं. मग पत्तेवाल्यांना हात जोडले. टीव्ही बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी सांगितलं आणि ताटं थांबली. ग्रंथालयात सबंध आयुष्य काढलेला माणूस तो, त्याच्या नुसत्या चेहऱ्याने माणसं गप्प होतात. एकेक मजला विझत गेला. खालचा बेकरीवालासुद्धा थांबला.

बाई ताडकन उठून बसल्या.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही आई, कोणी नाही," हळूराव धावत आले. "मीच सांगितलं सगळ्यांना. तू झोपली होतीस ना."

"म्हणजे मला झोप लागली होती!"

"हो. म्हणून तर..."

"तोंडाचा आ वासून घोरत होतीस," सातवी म्हणाली. "रात्रपाळीत एकदा अशीच घोरली होतीस, आठवतंय? या मुलाने येऊन सगळ्यांची तोंडं बंद केली आणि तू जागी झालीस."

हळूराव एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. सूनबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगा ना आई. आता तरी सांगा."

बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि माझ्या खोळीचा कोपरा बोटाला गुंडाळायला लागल्या. "डोंगरावर मला झोप लागली नव्हती रे. शांत असलं की मला लागत नाही. कधीच लागत नाही."

"कधीच?" त्यांचा आवाज आधीच हळू, तो आणखी बारीक झाला. "म्हणजे... मी लहान असताना?"

"तू गप्प झालास की मी जागी व्हायचे. वाटायचं, कुठे गेलं पोरगं?"

"मग सांगितलं का नाहीस, आई?"

"तू बिस्किट भिजवून खायचास," बाई म्हणाल्या. "तसं माझ्यासाठी कोणी कधी केलं नव्हतं. ते मोडायला माझा जीव होईना."

हळूराव मटकन सातवीच्या खुर्चीत बसले.

"अजूनही भिजवूनच खातात," सूनबाई म्हणाल्या. "आणि इतकी वर्षं मला वाटतंय, यांचे दात दुखतात!"

आधी सातवी हसली, मग बाई, आणि मग हळूराव. ते हसता हसता कधी रडायला लागले ते त्यांनाही कळलं नाही. रडले मात्र मोठ्याने, हुंदके देऊन, तोंडावर हात न ठेवता. बाहेर पत्तेवाल्यांनी विचारलं, "झालं का हो? आम्ही भांडायला सुरुवात करू?"

डोंगरावरच्या घराला नकार कळवला. या घरात लगेच खोली नव्हती, वाट बघावी लागली. मधल्या काळात सूनबाईंनी इथल्या व्यवस्थापकांचं डोकं खाऊन न्हाणीघरातली दोरी खाली घ्यायला लावली आणि उंबऱ्यांवर उतार बसवून घेतले. डोंगरावरची नर्स इथे रोज नाही, एक दिवसाआड येते. तळं तर नाहीच. हे सगळं बाईंना ठाऊक होतं, आणि तरी त्या आल्या.

आता आमचा पलंग बेकरीच्या मागच्या दाराच्या बरोबर वर आहे. माझा कापूस बसलाय, जागोजागी गाठी झाल्यात. मानेसाठी नवी चांगली उशी आणू, असं सूनबाई म्हणतात, आणि आणावी. मी कुरकुर करणार नाही. मी पायाखाली जाईन, नाहीतर कोणाच्या पाठीशी. एवढंच सांगणं आहे. तुम्ही कोणासाठी असं घर शोधत असाल तर दांडे हलवून बघा, दोरी ओढून बघा, खिडकीतलं तळंही बघा. पण आधी त्या माणसाला विचारा, तुला झोप कशाने लागते? आणि "तुम्ही म्हणाल तिथे" असं उत्तर आलं, तर तो आडवा झाल्यावर त्याच्या उशीवर हात ठेवून, डोकं जड आहे का ते बघा.

दर रविवारी दुपारी हळूराव येतात. पहिल्यांदा आले तेव्हा सवयीप्रमाणे कुजबुजत बसले. बाई वैतागल्या. "अरे, जरा मोठ्याने बोल. मला झोपायचंय." त्यांना जमेना. काय बोलायचं तेही सुचेना. मग कसेबसे सुरू झाले. एका गोट्यांच्या डावाचं सांगितलं. शाळेत एकदा मार खाल्ला होता, त्याचं सांगितलं. आई रात्री कामावर जायची तेव्हा दार लागल्याचा आवाज आला की आपण पांघरूण तोंडावर घ्यायचो आणि ती परत येईपर्यंत जागे राहायचो, हेही सांगितलं. हे माझ्या बाईला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ती ऐकत होती, तिचा हात त्याच्या हातात होता, आणि ऐकता ऐकता तिचं डोकं जड होत गेलं.

तो बोलतच राहिला. त्याचा आवाज खोलीभर झाला, मग जिन्यात गेला. गोळ्या देणारी मुलगी दारात आली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "अहो, हळू! आजी झोपल्यात."

"म्हणून तर बोलतोय," तो म्हणाला, आणि पुढचं सांगायला लागला.